गवतांचं कपाट

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला मी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मला एक लोखंडी कपाट उघडून दाखवलं. त्याचं दार फरशीला घासायचं आणि उघडताना थोडं उचलून धरावं लागायचं. आत वाळवलेल्या वनस्पतींचे मोठे पांढरे कागद रचून ठेवले होते. आमच्या भाषेत त्याला हर्बेरियम म्हणतात. झाडाची फांदी फुलाफळांसकट आणायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव काय, कुठे मिळालं, कधी, कोणी आणलं. नीट सांभाळलं तर असा कागद माणसापेक्षा जास्त जगतो. एखाद्या जागी तेव्हा काय उगवत होतं, याचा तो पुरावाच असतो.

झाडांचे कागद पुष्कळ होते. औषधी वनस्पतींचा तर गठ्ठा होता. गवतांची फाइल उघडली तर आत दोन-तीनच कागद, आणि त्यातलं एक गवत नव्हतंच, तो गवतासारखा दिसणारा लव्हाळा होता. बाकीच्यांवर नुसतं ‘गवत, पनवेल’ एवढंच लिहिलेलं.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “गवतांच्या वाटेला कोणी जात नाही. फूल डोळ्यांना दिसत नाही, सगळं भिंगाखाली बघावं लागतं. मुलांना जास्वंद दिली की मुलं खूश असतात.”

“मी करून बघू?”

“बघ की. खालचा कप्पा रिकामा आहे.”

मी हे म्हणाले खरं, पण गवतं मला येत नव्हती. माझा अभ्यास शेवाळांवरचा होता. तरी विचारलं, याचं कारण आमच्या घरासमोरचा प्लॉट.

आम्ही कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीसमोर दोन इमारतींच्या मध्ये एक प्लॉट बरीच वर्षं मोकळा होता. पावसात तिथे तळं साचायचं आणि गणपती उरकले की कमरेएवढं गवत उभं राहायचं. त्याला जांभळट तुरे यायचे. वारा आला की सबंध प्लॉटचा रंग एका बाजूने बदलत जायचा. कपडे वाळत घालताना मी ते रोज बघायची. वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई असून त्यातल्या एकाही गवताचं नाव मला सांगता येत नव्हतं, आणि ते मनात कुठेतरी खुपत होतं.

मॅडमशी बोलणं झालं, त्यानंतरच्याच एका रविवारी प्लॉटभोवती निळे पत्रे लागायला सुरुवात झाली. पत्रे लागले म्हणजे पुढे काय होतं हे कामोठ्यात लहान पोरालाही कळतं. मी स्वयंपाकघरातली जुनी सुरी आणि भाजीची मोठी पिशवी घेतली आणि खाली उतरले. वॉचमन नवा होता. त्याने माझ्या हातातल्या सुरीकडे बघितलं आणि विचारलं, “मॅडम, गाय पाली है क्या?”

“नाही हो, कॉलेजसाठी पाहिजे. मुळासकट.”

त्याला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्याने पत्रा बाजूला करून मला आत जाऊ दिलं. गवत मुळासकट काढायचं असतं. मूळ, खोड, पान, तुरा, सगळं लागतं. मी चिखलात बसून एकेक प्रकार खणून काढत होते आणि वरून आमच्या बाल्कनीतून माझे सासरे बघत होते.

त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. पाटबंधारे खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे त्यांनी उभा जन्म हाताने काढले. घरात त्यांचा एक जुना नकाशा फ्रेम करून लावला आहे, त्यातल्या रेषा केसासारख्या बारीक आहेत. सासूबाई गेल्यावर ते कऱ्हाडचं घर बंद करून आमच्याकडे आले, आणि वर्षभराच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. काठी घेऊन चालता येऊ लागलं, पण उजवा हात परत आला नाही. बोलणंही अडखळत यायचं. शब्द माहीत असायचा, तो तोंडापर्यंत येऊन थांबायचा. मग ते मान हलवून नाद सोडून द्यायचे. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येत असे. तिने दाबायला पिवळा रबरी चेंडू दिला होता. तो पलंगाखालीच पडलेला असायचा. ज्या हाताने कालवे काढले त्या हाताने चेंडू दाबत बसायचं, हे त्यांना अपमानाचं वाटत असावं. ते तसं कधी बोलले नाहीत. दिवसभर बाल्कनीत बसायचे.

मी चिखलाची पिशवी घेऊन वर आले तेव्हा घरात गवत दाबायला काहीच नव्हतं. कॉलेजातल्या लाकडी दाबयंत्राला सोमवारशिवाय हात लागणार नव्हता. घरात सगळ्यात सपाट आणि कडक जागा म्हणजे बाबांचा पलंग.

“बाबा, तुमच्या गादीखाली थोडे पेपर ठेवू का? गवत आहे आत.”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी लांब गवतं घड्या घालून वर्तमानपत्रांत बसवली आणि गादीखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघायच्या घाईत मी त्यांच्या खोलीत डोकावले, तर बाबा पलंगावर बसलेले, गादी एका बाजूने उचललेली आणि मांडीवर माझं गवत.

“ओले,” ते म्हणाले. मग थांबले. पेपरावर बोट ठेवून पुन्हा म्हणाले, “ओले... झालेत.”

पेपर खरंच दमट झाले होते. गवतातलं पाणी कागद शोषून घेतो, म्हणून तो रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. मला ते माहीत होतं आणि संध्याकाळी बदलू असं मी ठरवलं होतं. बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. ओला कागद चांगल्या कागदाला काय करतो, हे नकाशे सांभाळलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी घरी आले तर बाल्कनीतल्या दोरीवर, माझ्या पंजाबी ड्रेसच्या शेजारी, कालचे पेपर चिमट्यांनी वाळत घातलेले. गवतं रद्दीतल्या कोरड्या पेपरांत नीट बसवलेली. एका हाताने हे करायला त्यांना सगळी दुपार लागली असणार. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “उद्या... परत.”

असं ते सुरू झालं.

सुट्टीच्या दिवशी मी आणि माझा नवरा स्कूटरवरून निघायचो. तो एका कंपनीत हिशेब तपासतो, झाडाझुडपांशी त्याचा संबंध नाही, पण रस्ते त्याला चांगले माहीत आहेत. खाडीच्या कडेने, रेल्वेच्या भरावाजवळ, महामार्गालगतच्या उतारांवर, जिथे गवत दिसेल तिथे थांबायचो. कर्नाळ्याच्या अभयारण्यात काडी तोडायला बंदी आहे, म्हणून आम्ही हद्दीच्या बाहेर, बरंच अलीकडे, खडकाळ माळावर जायचो. तिथे कुसळी गवत मिळालं. द्रोणागिरीला गोदामांच्या मागे खारवट जमीन आहे. तिथे जमिनीला चिकटून पसरलेलं एक बारीक, टोकदार पानांचं गवत मिळालं. त्याच्या पानांवर उन्हात मिठाचे कण चमकत होते. नवऱ्याने पान जिभेला लावून बघितलं आणि म्हणाला, “वेफर्ससारखं लागतंय.”

घरी आल्यावर सगळं बाबांच्या ताब्यात. पेपर बदलायचे, वाळत घालायचे, वाळलेलं गवत वेगळं काढायचं. त्यांना दुपारचं काम मिळालं होतं. गादीखालचा संसार लवकरच पलंगाखाली, मग दिवाणखान्यातल्या टीपॉयखाली पसरला. कीड मारण्यासाठी प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा लागायचा. एकदा नवऱ्याचे मित्र जेवायला आले आणि बर्फ काढायला तो गेला. आतून त्याचा आवाज आला, “अगं, मटार कुठे आहेत? इथे सगळं गवतच आहे.” मित्रांना वाटलं आम्ही काहीतरी पथ्य सुरू केलंय. शेवटी कॉलेजच्या कॅन्टीनवाल्यांनी त्यांचा आइसक्रीमचा जुना डीप फ्रीजर विभागाला देऊन टाकला आणि घरातले मटार परत आले.

मी रात्रीची जेवणं आटोपली की भिंग आणि दोन सुया घेऊन बसायची. गवताचं फूल उघडून बघायचं म्हणजे तांदळाच्या कणीपेक्षा लहान वस्तूची सालं काढायची. आधी मी वैतागायची. एकच गवत तीनदा उघडायचं आणि तीनदा वेगळं नाव निघायचं. मग हळूहळू डोळा बसला. काही गवतांच्या सालांवर केस होते, काहींच्या जोडीतलं एक फूल पोकळ आणि दुसरं भरलेलं. एकदा मी कुसळाचं वाळलेलं टोक बाबांना दाखवलं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला. त्याचा पीळ सुटू लागला आणि ते टोक टेबलावर स्वतःभोवती गरागरा फिरू लागलं. बी जमिनीत असंच घुसतं. बाबा वाकून बघत राहिले आणि मग खुदकन हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. “परत,” ते म्हणाले. मी दुसरं कुसळ घेतलं.

शिवायचं काम त्यांनी स्वतःहून मागितलं. वाळलेलं गवत कागदावर चिकटवता येतं, पण जाड खोडं आणि मुळं दोऱ्याने टाचावी लागतात. मी एक कागद शिवत होते आणि टाका तिरका पडत होता. त्यांनी डावा हात पुढे केला. सुईत दोरा ओवून दिला तर टाका घालायचं ते डाव्या हाताने जमवायचे, पण कागद सरकायचा. फिजिओथेरपिस्ट मुलगी त्या दिवशी आली होती. ती थोडा वेळ बघत राहिली, मग तिने बाबांचा उजवा हात उचलून कागदावर ठेवला.

“आजोबा, हा हात नुसता वजन म्हणून ठेवा. काही करू नका.”

आधी तो हात नुसताच वजन होता. मग अंगठा खोड दाबून धरू लागला. मग कधीतरी दोन बोटांत दोऱ्याचं टोक राहू लागलं. हे सगळं महिनोन्‌महिने चाललं, आणि रोज बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. एक दिवस ती मुलगी पलंगाखालून पिवळा चेंडू काढून आपल्या पिशवीत टाकताना म्हणाली, “हा मी दुसऱ्या पेशंटला देते. तुम्हाला लागत नाही.” तेव्हा आम्हाला कळलं.

उन्हाळ्यापर्यंत आमचे बरेच कागद तयार झाले. मी ते कॉलेजात नेऊन खालच्या कप्प्यात लावले. मॅडमनी एकेक काढून बघितला आणि बाबांचे टाके बघून म्हणाल्या, “हे कोणी केलंय? शिंप्याकडे दिलंस की काय?”

मग पाऊस लागला. जुलैच्या मध्यात सलग काही दिवस कॉलेज बंद ठेवावं लागलं. मी परत गेले तेव्हा विभागाच्या खोलीत पाणी शिरून ओसरलेलं होतं. फरशीवर गाळाचा पातळ थर होता. कपाटाचं दार मी उचलून उघडलं, आणि वास आला. वरचे कप्पे कोरडे होते. खालच्या कप्प्यात पाणी गेलं होतं. गठ्ठे एकमेकांना चिकटले होते आणि कागदांवर राखाडी बुरशी कापसासारखी वाढली होती. मी काही सोडवायचा प्रयत्न केला, तर गवत बोटांखाली विरघळत गेलं.

मॅडम माझ्यामागे उभ्या होत्या. “अर्ध्याहून जास्त गेलं,” त्या म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, “चहा घेऊ या.” आम्ही चहा घेतला.

कामोठ्याच्या प्लॉटवरचे सगळे कागद त्यात गेले होते. ते सगळ्यात आधी केलेले, म्हणून सगळ्यात खाली होते. प्लॉटवर आता खांब उभे राहिले होते, खड्ड्यांत पंपाने पाणी उपसणं चालू होतं. मी कुजलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत भरून घरी आणला. का आणला ते सांगता येणार नाही, कचऱ्यात टाकायला हात धजला नाही एवढंच. बाबांना दाखवायचा नव्हता. पण दारातच त्यांनी विचारलं, “पिशवीत... काय?”

मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी एकेक कागद सुटा करून बघितला. त्यांचे टाके तसेच होते, टाक्यांखालचं गवत गेलं होतं. मी म्हणाले, “बाबा, आता पुरे. मला नाही वाटत परत सगळं होईल.”

ते बराच वेळ शब्द शोधत होते. मी थांबले, कारण मधे शब्द सुचवलेला त्यांना आवडत नाही.

“गवतच... आहे ना,” ते शेवटी म्हणाले. “परत... येतं.”

“गवत येतं बाबा. प्लॉट कुठून येणार?”

“दुसरीकडं... बघू.”

त्या रात्री मला त्यांचा थोडा रागच आला होता. त्यांना बोलायला काय जातं, असंही वाटलं. पण गणपती उरकल्यावर रविवारी सकाळी मी बघते तर बाबांनी रद्दीतले पेपर आकाराप्रमाणे लावून, दोऱ्याने बांधून दाराशी ठेवलेले. नवऱ्याने स्कूटरची चावी घेतली. मग मला नाही म्हणता येईना.

दुसऱ्या वर्षी काम झपाट्याने झालं. कुठलं गवत कुठे भेटेल हे आता माहीत होतं. द्रोणागिरीचं मिठाचं गवत त्याच गोदामांच्या मागे मिळालं. माळावरचं कुसळ जिथल्या तिथे होतं. गेलेल्यांपैकी जवळजवळ सगळं परत मिळालं. राहिलं ते एकच, प्लॉटवरचं जांभळ्या तुऱ्यांचं. ते मी आधी नीट ओळखलंही नव्हतं. चिठ्ठीवर अंदाजाने नाव घातलं होतं आणि नंतर बघू म्हणून ठेवलं होतं. जिथे जिथे पाणी साचतं अशा जागा आम्ही पालथ्या घातल्या. मिळालं नाही.

एका संध्याकाळी बाबा चपला घालून दाराशी उभे. झटक्यानंतर डॉक्टरकडे जाण्याखेरीज ते खाली उतरले नव्हते.

“कुठे निघालात?”

“गवत.”

आम्ही लिफ्टने खाली आलो. ते काठी टेकत, मी पिशवी घेऊन. पहिल्या दिवशी सोसायटीच्या फाटकापर्यंतच गेलो. दुसऱ्या दिवशी क्लासच्या इमारतीपर्यंत, जिथे सायकली लावून पोरं गर्दी करतात. मी त्यांना चालवतेय की ते मला, हे ठरवणं अवघड होतं. मला वाटायचं, गवत मिळो न मिळो, चालणं तरी होतंय. ते मात्र खरोखर शोधत होते. गटाराची कड दिसली की थांबून काठीने पाती बाजूला करायचे. भाजीवाली ओळखीची झाली. “बाबा, आज काय सापडलं?” असं ती विचारायची.

दिवाळी जवळ आली होती, गवतं पिवळी पडायला लागली होती. एव्हाना आम्ही सेक्टरच्या टोकाला असलेल्या पाण्याच्या तलावापर्यंत पोचत होतो. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी अडवून ठेवायला असे तलाव बांधलेले आहेत. लोक त्याला होल्डिंग पाँड म्हणतात आणि त्याच्याकडे फारसं बघत नाहीत. जाळीच्या कुंपणापलीकडे उतार होता. बाबांनी काठी वर केली.

“ते.”

मी बघितलं. सुकत आलेलं, तपकिरी पडलेलं गवत. “नाही बाबा, ते वेगळं आहे. याला रंग नाही.”

“ते,” ते म्हणाले. या वेळी शब्द अडकला नाही. “मी... रोज बदललंय त्याला.”

कुंपण एका जागी वाकलेलं होतं. मी साडी खोचून पलीकडे गेले. जवळून बघितलं तर खालच्या पात्यांच्या आड एक-दोन तुरे अजून कोवळे होते आणि जांभळे होते. खोडाच्या गाठींवर प्लॉटवरच्या गवतासारखेच पांढरे केस. मी मुळासकट दोन झुपके उपटले आणि वर धरले. बाबा कुंपणाला हात टेकून उभे होते आणि मान डोलवत होते. परत येताना भाजीवालीने विचारण्याआधीच त्यांनी तिला पिशवी उघडून दाखवली.

त्यातला एक कागद मी पुण्यातल्या एका मोठ्या हर्बेरियममध्ये पाठवला. तिथल्या ज्या बाई गवतांचं काम करतात त्यांचा काही आठवड्यांनी फोन आला. मला कुठेतरी आशा होती की हे काहीतरी दुर्मीळ निघेल. त्या म्हणाल्या, “तुमचं नाव चुकलंय. ही दुसरी जात आहे. कोकणात ओल्या जागी सगळीकडे असते. तरी कागद आम्ही ठेवून घेतोय, पनवेल बाजूचा आमच्याकडे नव्हता.” मग म्हणाल्या, “टाके फार सुरेख आहेत. कोण करतं?”

मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, “माझे सासरे. परत एकदा सांगता का त्यांना?”

त्यांनी सांगितलं. बाबा टीव्हीकडे बघत बसले होते. कान मात्र लाल झाले होते.

पुढच्या पावसाळ्याआधी मॅडमनी आम्हाला नवी जागा दिली. वरच्या मजल्यावर फोटो धुण्याची जुनी डार्करूम होती, कित्येक वर्षं तिथे मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या होत्या. “खिडकी नाही म्हणून कोणाला नको होती,” मॅडम म्हणाल्या. “तुला खिडकीच नकोय.” खुर्च्या हलवल्या, भिंती रंगवल्या. कपाटं जमिनीपासून विटांवर उचलून ठेवली. आता गवतांना एक सबंध कपाट होतं, कप्प्याकप्प्यात प्रजातींप्रमाणे लावलेलं. डांबरगोळ्यांचा वास साडीला लागून घरापर्यंत यायचा.

एवढं झाल्यावर खरं तर मी समाधानी होते. कपाट भरत राहील, पुढे कोणी येईल, बघेल, एवढंच मनात होतं. ते बघायला कोणी इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात एक गृहस्थ विभागात आले. चाळिशीचे असतील. उरणच्या बाजूच्या कोळीवाड्यातले, बंदरात क्रेन चालवणारे. त्यांची भाची आमच्या कॉलेजात शिकत होती, तिने त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसून ते म्हणाले, “मॅडम, आमच्या गावाला खाडीचा बांध हाय. आदी त्याच्यावर गवत होतं, बारीक, खारट. ते मातीला धरून ठेवायचं. दुरुस्तीत सगळा बांध खरवडला, नवीन माती टाकली. आता गवत नाय. उधानाचं पानी आलं की माती सुटते. ते गवत कुठलं, कुठं मिळंल, ते पायजे.”

मी त्यांना डार्करूममध्ये नेलं आणि द्रोणागिरीचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्यांनी हात न लावता, वाकून बघितलं.

“हेच,” ते म्हणाले. “आमी लहानपनी याच्यावर बसून मासे साफ करायचो. हे तुमी शिवून ठेवलंय?”

“गोदामांच्या मागे आहे अजून. दाखवते.”

ते गवत बियांपेक्षा धावत्या खोडांनी पसरतं, म्हणून मुळासकट तुकडे लावले तर जगेल असं मला वाटत होतं. खात्री नव्हती, आणि मी त्यांना तसं सांगितलं. पुण्याच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, करून बघा, फक्त एका जागचं सगळं उपटू नका. गृहस्थांनी गोदामवाल्यांशी बोलून परवानगी काढली. एका रविवारी त्यांच्या गल्लीतली माणसं, बायका टेम्पो घेऊन आल्या. आम्ही जागोजागचे तळहाताएवढे तुकडे काढून ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि ओहोटीची वेळ साधून बांधावर नेऊन लावले. बाबा टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आले. बांधावर त्यांना कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली. बांधाच्या उताराकडे बघून ते मला म्हणाले, “आडव्या... रांगा. पाण्याला... आडव्या.” मी ते सगळ्यांना सांगितलं, आणि रांगा आडव्या लागल्या.

पुढच्या उधाणात एक रांग सबंध वाहून गेली. त्या गृहस्थांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पडलेला होता. मी म्हटलं, बाकीच्या बघत राहा. पावसाळाभर मला धास्ती होती.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं जाऊन आलो. बांधाच्या वरच्या अंगाला लावलेले तुकडे एकमेकांना मिळाले होते. खालच्या अंगाला अजून उघडी माती होती, पण तिच्यावरून बारीक धावती खोडं खाली उतरत होती, बोटभर अंतरावर मुळं टाकत. मी खाली बसून एक खोड हलकेच ओढून बघितलं. सुटलं नाही.

गृहस्थांची आई पदर खोचून बांधावर उभी होती. “जेवून जायचं,” ती म्हणाली. “बोंबील तळलेत. म्हातारबा खातात ना?”

“खातात,” बाबाच म्हणाले.

जेवताना गृहस्थ नवऱ्याला विचारत होते, खालच्या बाजूला अजून किती तुकडे लागतील, दिवाळीनंतर लावले तर चालतील का. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, “आता गोदामांमागून नको काढायला. या बांधाच्याच वरच्या अंगाचं काढून खाली लावू. एवढं वाढलंय आता.”

“मग माणसं सांगून ठेवतो,” ते म्हणाले आणि बाबांच्या ताटात अजून एक बोंबील वाढला.